चूक कॉम्प्युटरची नव्हती, माझी होती

संपादक साहेबांना नमस्कार,

दूध बिलात घोळ झाला की बातमीत एक वाक्य ठरलेलं, 'कॉम्प्युटरच्या चुकीमुळे'. वाचलं की हसू पण येतं आणि थोडी लाज पण वाटते, कारण मी करवीर तालुक्यातल्या दोन-तीन दूध संस्थांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि असला एक घोळ मी स्वतःच्या हातानं घातलाय. संस्थेचं नाव सांगत नाही, हिशेब सांगतो.

आपल्याकडं दहा दिवसाचं बिल. दोन्ही वेळचं दूध धरून २० नोंदी. समजा एका सभासदाला एका वेळेचे २५० रुपये पडले, म्हणजे ५,००० झाले. त्यानं पेंडीची दोन पोती उचलली, १,५०० ला एक, कपात ३,०००. हातात यायला पाहिजेत २,००० (आकडे गोल घेतलेत, दरावरनं भांडू नका). स्लिपवर आलं वजा ५०,०००! सेक्रेटरी आण्णा फोनवर एवढंच बोलले, "म्हस इकून भरू काय रं?"

झालं काय होतं, मी दुधाचं टेबल आणि पेंडीचं टेबल सभासद नंबरवर थेट जॉइन केलेलं (नंबर जुळेल तिथं ओळीला ओळ जोडायची), त्यामुळं दुधाच्या प्रत्येक ओळीला पेंडीच्या दोन्ही ओळी चिकटल्या, २० च्या ४० झाल्या, आणि मग बेरीज मारल्यावर दूध दुप्पट म्हणजे १०,००० आणि पेंड वीसपट म्हणजे ६०,०००. ज्यांनी पेंड उचललीच नव्हती त्यांची बिलं मात्र पैशाला पैसा बरोबर, आणि मी टेस्टिंगला नेमका तसलाच सभासद घेतलेला. घाईत डिस्टिंक्ट (सारखी किंमत एकदाच धरणारा शब्द) लावून बघितलं तर दुसरंच दुखणं, दोन वेळेला सारख्याच रकमेचं दूध असलं की त्यातली एक नोंद गायब. कॉम्प्युटरनं यात काय केलं? सांगितलं तेवढंच केलं बिचाऱ्यानं.

शेवटी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, पाडली आणि 'विथ' वापरून परत बांधली. याला कॉमन टेबल एक्स्प्रेशन म्हणतात, सीटीई. क्वेरीच्या सुरुवातीलाच एकेका तुकड्याला नाव द्यायचं: 'दूध_बेरीज' मध्ये सभासदामागं एकच ओळ, 'पेंड_कपात' मध्ये एकच ओळ, आणि मग खाली दोन्ही जोडायचे. एकाला एक जुळलं की फुगायचा प्रश्नच नाही. हे काय परवा निघालेलं नाही, एसक्यूएल म्हणजे क्वेरी लिहायची भाषा, तिच्या १९९९ च्या स्टँडर्डमध्येच आहे, पण मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २०१८ ला ८.० आलं तेव्हा कुठं मिळालं, म्हणून आमच्या पिढीला क्वेरीच्या पोटात क्वेरी (सबक्वेरी) लिहीत कंसात कंस घालायचीच सवय. आमच्याकडं येणाऱ्या नवीन पोरांना तरी कॉलेजात शिकवलं असेल म्हटलं तर त्यांच्या जर्नलमध्ये पण तेच सबक्वेरीचे सात कंस.

कोडमधनं क्वेरी तयार करताना तर याचा लईच फायदा. आधी मी स्ट्रिंगला स्ट्रिंग, म्हणजे मजकुराला मजकूर, जोडत बसायचो, गाय असेल तर ही अट, म्हैस असेल तर ती, कुठं अँड राहिला, कुठं स्वल्पविराम जास्त झाला. आता एका तुकड्याला एक फंक्शन, ते नाव आणि क्वेरी परत देतं, तो तुकडा एकटा चालवून कागदाशी ताडून बघता येतो. फक्त एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. व्हॅल्यूज (तारीख, सभासद नंबर) स्ट्रिंगमध्ये न चिकटवता क्वेरीत नुसतं प्रश्नचिन्ह ठेवून त्याच्या जागी वेगळ्या पाठवायच्या हे बरोबरच, पण प्रश्नचिन्हं वरून खाली मोजली जातात आणि नवीन सीटीई बसतो वरती, म्हणजे त्याच्या व्हॅल्यूज पण आधी गेल्या पाहिजेत. मी शेवटी जोडल्या आणि तारखेच्या जागी सभासद नंबर जाऊन बसला. एरर पण नाही, नुसतं कोरं बिल. तेव्हापासनं प्रत्येक फंक्शन आपल्या व्हॅल्यूजची यादी बरोबरच देतं.

आणि सीटीई म्हणजे सगळ्यावर औषध असंही नाही हं. एका संस्थेत जुनं पोस्टग्रेस होतं, तो पण एक डेटाबेसच. २०१९ ला १२ नंबरचं व्हर्जन येईपर्यंत ते सीटीई वेगळा काढून पूर्ण मोजायचं, बाहेरची अट आत जायचीच नाही. एका सभासदाचं बिल मागितलं तरी अख्ख्या गावाचं वर्षभराचं दूध मोजून मग त्यातनं एक ओळ द्यायचं. अशा ठिकाणी तारीख आणि सभासदाची अट आतल्या तुकड्यातच घालायची.

म्हणून साहेब, पुढच्या वेळी असली बातमी आली तर वार्ताहरानं संस्थेला एवढंच विचारावं, नेमकी कुठली बेरीज चुकली? उत्तर देता येतं. आमच्या आण्णांना एसक्यूएलमधलं काही कळत नाही, पण त्या दिवशी क्वेरीची प्रिंट पुढं ठेवली तर त्यांनी नुसती तुकड्यांची नावं वाचत बोट खाली नेलं, 'दूध_बेरीज', 'पेंड_कपात', 'हातात', आणि मान वर करून विचारलं, "ॲडव्हान्स कुठं हाय ह्यात?"

नव्हताच. चौथा तुकडा त्याच दुपारी घातला.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर