मुरमाच्या वाटांवर फलक हवेत

महोदय,

नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील रामटेकच्या डोंगरांभोवती आणि खिंडसी तलावाच्या बाजूने सागाच्या रानातून जाणाऱ्या मुरमाच्या वाटा जाड, खाचदार टायरच्या सायकलींसाठी उत्तम आहेत. गेल्या रविवारी ओल्या मातीत रानडुकरांच्या खुरांचे ताजे ठसे दिसताच आम्ही उतरून बराच वेळ थांबलो. परंतु कोणती वाट सर्वांना खुली आणि कोणती राखीव, हे सांगणारा फलक आम्हाला कुठेही आढळला नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात सायकली नकोतच (आणि अंधारात तर कुठल्याच रानात नकोत), मात्र बाहेरच्या गाववाटांवर दिवसाउजेडी, गावातील तरुणांना वाटाडे नेमून, सायकलींना रीतसर परवानगी द्यावी, ही विनंती.

– एक सायकलस्वार, नागपूर