उद्यानाभोवतीची हॉटेले आणि गावाचा वाटा

महोदय,

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा हटवून १९५५ साली डिस्नेलँड उभे राहिले, परंतु सभोवतालची जमीन वॉल्ट डिस्ने यांच्या ताब्यात नसल्याने कुंपणाबाहेर मोटेलांची आणि झगमगत्या पाट्यांची दाटी झाली. त्या अनुभवातून शहाणे होऊन त्यांनी फ्लोरिडात निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाने हजारो एकर जमीन गुपचूप खरेदी केली.

आमच्या खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झाले आणि पुढे त्याला लागून मोठे हॉटेलही आले. रोजगार आला, हे मान्यच आहे. मात्र परिसरातील भातखाचरांचे प्लॉट पडू लागले आहेत. आमच्या घरासमोरच्या खाचराला सिमेंटचे खांब आणि काटेरी तार लागली, पावसाचे पाणी वाहून नेणारा ओहोळ भरावाखाली गेला आणि गेल्या जुलैत पाणी थेट आमच्या ओट्याला लागले.

अनाहाइममध्ये हॉटेलच्या खोलीभाड्यावरील १५ टक्के कर शहराच्या तिजोरीत जमा होतो. आपल्याकडे खोलीभाड्यावरचा वस्तू व सेवा कर केंद्राकडे आणि राज्याकडे जातो. ग्रामपंचायतीच्या हाती मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी उरते, कचरा आणि सांडपाण्याचा भार मात्र गावावरच पडतो. म्हणून नव्या हॉटेलांना व भूखंडांना परवानगी देण्यापूर्वी ओहोळ, पाणी आणि सांडपाणी यांची जागेवर पाहणी व्हावी आणि कराचा ठरावीक हिस्सा गावाला मिळावा, अशी शासनाला कळकळीची विनंती आहे.

– एक रहिवासी, खोपोली परिसर (जि. रायगड)