अनू, गोळ्या घेऊन बोटं पळतील का?

प्रिय अनू,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण फोनवर बोलायला बसले असते तर तू मध्येच "हो गं आई, ठेवते आता" म्हणाली असतीस म्हणून लिहूनच पाठवतेय. अभ्यासिकेत वाचू नको, रूमवर गेलीस की निवांत वाच.

तू विचारलंयस की लायन्स मेन, मॅग्नेशियम थ्रिओनेट, अल्फा जीपीसी आणि ओमेगा थ्री असा सप्लिमेंटचा सेट सुरू केला तर न्यूरोप्लॅस्टिसिटी (मेंदूची नव्याने शिकायची ताकद) वाढून टायपिंग लवकर बसेल का, कारण क्लार्क टायपिस्टला मराठी ३० चा स्पीड, म्हणजे मिनिटाला ३० शब्द, लागतो आणि तू २२-२३ वर अडकून बसलीयेस. वर हे पण की "तू तर न्यूरोचेच पेशंट बघतेस, तुला माहीतच असणार". आता फिजिओथेरपिस्टची मुलगी म्हणून विचारलंयस तर आमच्याच फील्डमधली गोष्ट सांगते, जरा लांबेल.

पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या मेंदूतला जो भाग मेला तो मेला, तो काही परत येत नाही. हात परत हलायला लागतो तो शिल्लक राहिलेल्या भागांनी ते काम नव्याने शिकून घेतल्यामुळे. म्हणजे तू ज्याला प्लॅस्टिसिटी म्हणतेस त्यावरच आमची रोजीरोटी चालते. आणि एखादी गोळी देऊन हे शिकणं फास्ट करता आलं तर किती बरं होईल असं न वाटलेला फिजिओ मला तरी भेटलेला नाही. तशी एक गोळी मिळाल्यासारखं वाटलं पण होतं, फ्लुऑक्सेटिन, डिप्रेशनची जुनी आणि स्वस्त गोळी. २००८ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की लहानपणापासून एका डोळ्याने नीट न दिसणाऱ्या उंदरांना मोठेपणी ही गोळी दिली आणि चांगला डोळा झाकून ठेवला तर अधू डोळा सुधारतो, जे त्या वयात होत नाही असंच सगळे धरून चालले होते. मग २०११ ला फ्रान्समध्ये ११८ पेशंटवर ट्रायल झाली, झटक्यानंतर काही दिवसांतच गोळी सुरू, ३ महिने, सोबत सगळ्यांना नेहमीची फिजिओथेरपी, आणि गोळीवाल्यांच्या हातापायातली हालचाल खरोखर जास्त सुधारली! त्यानंतर डिप्रेशन नसलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर पण ती गोळी दिसायला लागली, आणि आम्ही पण खूशच होतो की.

पण मग मोठ्या ट्रायल आल्या. २०१८ ला ब्रिटनमधली, ३१२७ पेशंट, ६ महिने गोळी, आणि रोजच्या जगण्यात काही म्हणजे काहीच फरक नाही. डिप्रेशन थोडं कमी झालं, ते होणारच, गोळी त्याचीच आहे, पण हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. २०२० मध्ये अजून दोन आल्या, एक स्वीडनची आणि एक ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि व्हिएतनाम मिळून, त्यांचं पण तेच.

आता तू बघ, हे खरंखुरं औषध होतं, डोस ठरलेला, हजारो माणसांवर तपासलेलं, आणि तरी शेवटी हातात काही लागलं नाही. तुझ्या त्या सेटमधल्या एकाही डब्याने एवढी मोठी परीक्षा दिलेली नाही गं. लायन्स मेन म्हणजे एक मशरूम, त्याचं जे नेहमी पुढे करतात ते २००९ चं जपानमधलं संशोधन ३० जणांवरचं आहे, वय ५० ते ८०, विसरायला होतं अशी तक्रार असलेले लोक. १६ आठवडे घेतल्यावर त्यांचे चाचणीतले मार्क सुधारले आणि बंद केल्यावर परत खाली आले. तू ५० ची नाहीस आणि तुला विसरायला होत नाही, तुला रफार वेळेवर सापडत नाही, हा प्रॉब्लेम वेगळा आहे! मॅग्नेशियम थ्रिओनेटचं सगळं नाव २०१० च्या उंदरांवरच्या प्रयोगामुळे झालं. अल्फा जीपीसी सोडूनच दे. ओमेगा थ्री घेऊन काही बिघडणार नाही, पण त्याने बोटं पळतील असं मानायला काही आधार नाही, आपल्या जवसाच्या चटणीत पण एक प्रकारचं ओमेगा थ्री असतं, ती खा. आणि डब्यावरचं बारीक अक्षर वाच एकदा, "नॉट फॉर मेडिसिनल यूज" लिहिलेलं असतं, तसं लिहायचा नियमच आहे आपल्याकडे. हे फूडच्या नियमात विकतात, औषधाच्या नाही, त्यामुळे उपयोग होतो हे औषधासारखं सिद्ध करून दाखवायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

आजीचं म्हणणं, मग ब्राह्मी घे. खरं सांगू, या सगळ्यात ब्राह्मीबद्दल मला त्यातल्या त्यात जरा आदर आहे, ऑस्ट्रेलियात माणसांवर अभ्यास झालेत, ३ महिने रोज घेतल्यावर नवीन शिकलेलं विसरण्याचा वेग कमी झाला असं आलंय. पण ते पाठांतराचं झालं, बोटांचं नाही, आणि कुणाकुणाला त्याने पोट बिघडतं. आजी ज्या ब्राह्मी तेलाबद्दल बोलतेय ते डोक्याला चोळायला छान आहे, चोळ खुशाल, त्याचा याच्याशी काही संबंध नाही एवढंच.

आता पैसे खर्च करायचेच आहेत ना, तर ब्लड टेस्टवर कर. बी ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन आणि त्याच्यासोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. आपण शाकाहारी, तिकडे मेसचं पातळ वरण, आणि बी ट्वेल्व्ह वनस्पतींत जवळजवळ नसतंच, दूध दही किती खाते आहेस ते तुलाच माहीत. नसांवर जे आवरण असतं ते नीट राहायला ते लागतं, कमी पडलं की मुंग्या येतात, थकवा, लक्ष लागत नाही, आणि मुलं म्हणतात माझी कपॅसिटीच नाही. लोहाचं पण तसंच. २०१९-२१ च्या सर्व्हेत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या, आणि हिमोग्लोबिन ठीक असून साठा म्हणजे फेरिटिन कमी असणाऱ्या अजून वेगळ्या. मेंदूत डोपामिन बनतं त्या कामाला लोह लागतं. २००७ मध्ये अमेरिकेत १८ ते ३५ वयाच्या बायकांना १६ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या तर ज्यांचं फेरिटिन वाढलं त्यांचं लक्ष, स्मरण, शिकणं सगळं सुधारलं. आधी कमतरता होती म्हणून सुधारलं हे लक्षात घे. टाकी रिकामी असेल तर भरून उपयोग, भरलेल्या टाकीत ओतत बसलं तर नुसतं वाहून जातं. म्हणून रिपोर्ट आधी, मग डॉक्टर, मग गोळी, मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. तोवर जेवणाबरोबर चहा बंद (हे तुला जमणार नाही माहितीये, निदान तासभर मागेपुढे घे) आणि उसळीवर लिंबू पिळून खा.

क्रिएटिनचं पण आदित्य सांगत होता म्हणालीस, जिमवाला भाऊ, त्याला सगळंच क्रिएटिनने सुटतं. ऑस्ट्रेलियात २००३ ला ४५ शाकाहारी तरुणांवर चांगला रिझल्ट आला होता, पण २०२३ ला जर्मनीत त्याहून मोठा अभ्यास झाला तर फरक असला तरी अगदी किरकोळ दिसला. सोड.

आणि ती रूममेटची जागं राहायची गोळी, मोडाफिनिल, तिला हातसुद्धा लावायचा नाहीस. दिवसा झोपेचे झटके येणाऱ्या पेशंटसाठी आहे ती, चिठ्ठीवरच मिळायला हवी, आणि मुळात तू झोपच उडवायला निघालीस तर शिकलेलं पक्कं कधी होणार? हे मी आईगिरी म्हणून नाही सांगत. २००२ मध्ये हार्वर्डला लोकांना कीबोर्डवर ४-१-३-२-४ असा आकड्यांचा क्रम डाव्या हाताने भराभर टाइप करायला शिकवलं, मग १२ तासांनी परत घेतलं. जे सकाळी शिकून दिवसभर जागे राहिले ते होते तिथेच, आणि जे संध्याकाळी शिकून रात्री झोपले ते मधे एकदाही प्रॅक्टिस न करता जवळपास २० टक्के फास्ट झाले! हे टायपिंगच आहे अनू, अजून काय पाहिजे. रात्री साडेदहाची ती कॉफी पण बंद कर, तिच्यातलं निम्मं कॅफिन उतरायलाच पाच-सहा तास जातात.

आता प्रॅक्टिसचं, माझ्या मते खरा घोळ इथे आहे. तू लिहिलंयस रविवारी सलग ४ तास बसते, बाकीच्या दिवशी जमेल तसं. ब्रिटनच्या पोस्टात पिनकोडसारखं सुरू झालं तेव्हा पोस्टमन लोकांना कीबोर्ड शिकवायचा होता, तर त्यांचे चार गट केले, कुणी रोज १ तास, कुणी दोनदा १-१ तास, कुणी एकदम २ तास, आणि कुणी दोनदा २-२ म्हणजे रोज ४ तास. १९७८ साली ते छापून आलं. रोज १ तासवाल्यांना जे ५५ तासांत जमलं त्याला रोज ४ तासवाल्यांना ८० तास लागले. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सगळ्यात नाखूश कोण होतं, तर हेच १ तासवाले, कारण दिवस जास्त लागत होते आणि बाकीचे पुढे गेले असं त्यांना वाटत होतं. तुला पण तसंच वाटणार, शेजारची मुलगी ३ तास खडखड करतेय आणि आपण उठून चाललोय. खुशाल उठ. (परीक्षा पुढच्या आठवड्यात असती तर वेगळं सांगितलं असतं, तेव्हा तास वाचवून काय करणार, पण तुझ्याकडे महिने आहेत.)

त्या एका तासात पण सलग बडवत बसू नको. अमेरिकेत २०१९ मध्ये परत आकड्यांच्या क्रमावरच प्रयोग केला, १० सेकंद टाइप, १० सेकंद थांबा, असं परत परत, आणि सुरुवातीची जी सुधारणा होती ती टाइप करताना नाही तर थांबलेल्या १० सेकंदांत होत होती. नंतर त्याच टीमला दिसलं की त्या थांबलेल्या वेळात मेंदू तोच क्रम सुमारे २० पट वेगाने आतल्या आत परत चालवतो. त्यामुळे एखादं अडणारं जोडाक्षर चार-सहा वेळा टाइप केलं की हात उचल, गप्प बस, मग परत. आणि गप्प बस म्हणजे रील बघायला फोन उचलू नको गं बाई.

स्पीडच्या मागे धावणं पण थांबव थोडे दिवस. माझ्याकडे पेशंट येतात ते घाईने हात वर न्यायला बघतात आणि कोपरातून जमत नाही म्हणून खांदा उचलतात. हात वर जातो खरा, घरचे टाळ्या वाजवतात, आणि मग तो उचललेला खांदाच मेंदूत पक्का बसतो, तो सोडवताना आमची वाट लागते. मेंदू बरोबर-चूक काही बघत नाही, जे परत परत कराल ते तो शिकतो. तू २५ च्या स्पीडने दर ओळीला दोनदा बॅकस्पेस मारत असशील तर बॅकस्पेससकट ती ओळ शिकतेयस. १८ वर ये, पण एकही चूक नको, रफार, रुकार, क्ष, ज्ञ, अर्धा श, सगळं न बघता योग्य बोटाने, मग हळूहळू वाढव. बोट बरोबर बसलं की उतारे मिसळ, एकच उतारा दहा वेळा मारला की त्या उताऱ्यावर स्पीड भारी दिसतो आणि परीक्षेत नवीन आला की बसतोच धक्का. हे पण १९७९ पासून माहितीये लोकांना, मिसळून सराव करताना जास्त चुका होतात, वाईट वाटतं, पण नंतर टिकतं तेच.

अजून एक, हे मला स्वतःला फार पटलंय. २०१२ मध्ये डेन्मार्कला तरुण पोरांना हाताचं एक बारीक कौशल्य शिकवलं आणि त्यानंतर लगेच १५-२० मिनिटं जोरात सायकल चालवायला लावली, तर आठवड्याने ते कौशल्य व्यायाम न केलेल्यांपेक्षा त्यांना चांगलं आठवत होतं. तर संध्याकाळी टायपिंग झालं की फतकल मारून चहा प्यायचा नाही, सरळ पर्वती, १०३ पायऱ्या, धापा टाकत चढायच्या. तुझ्या रूमवरून काही लांब नाही आणि फुकट आहे.

बाबा शनिवारी येतायत, त्यांच्याकडे अळिवाचे लाडू देतेय, एकटीने लपवून खाऊ नको, रूममेटला पण दे. आणि जुन्या क्लासमधला मोठा कीबोर्ड पण देते, तुझ्या लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर प्रॅक्टिस करून परीक्षेत डेस्कटॉपच्या उंच बटणांवर हात अडखळणारच, आतापासून त्याच्यावरच मार. त्याचं "ळ"चं बटण जरा जोरात दाबावं लागतं, बाबांना सांगून ठेवलंय, ते उघडून साफ करून देतील.

तुझी,
आई