डॉ. कोटणीस यांचे कामही आठवूया

भारत-चीन मैत्रीच्या भाषणांत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव हमखास येते. त्यांच्या कामाविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेला हा तरुण तिथे जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या सैन्यात, म्हणजे आठव्या रूट आर्मीत सामील झाला. आघाडीजवळ तासन् तास उभे राहून त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, नवे डॉक्टर घडवले. अपस्माराचे झटके येत असतानाही शल्यक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिणे सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचाच होता. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांनी दर ९ डिसेंबरला आपल्या विद्यार्थ्यांना तिथे आवर्जून न्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, सोलापूर