आयसोमेट्रिक चित्रावर वासा मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सिंधुदुर्गात हल्ली कौलारू घराची दुरुस्ती काढली की मालकाच्या हातात संगणकावर काढलेलं आयसोमेट्रिक चित्र येतं. पुढची पडवी, बाजूची भिंत आणि छप्पर एकाच कागदावर दिसतं, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ते लगेच कळतं. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच कागदावर पट्टी ठेवून वाशांची लांबी काढताना मी सुतारांना पाहिलं आहे. आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक म्हणून मी वर्षानुवर्षं इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवलं, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

ग्रीक भाषेत ‘आयसोस’ म्हणजे समान आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. एवढं मुलं पहिल्याच आठवड्यात पाठ करतात. समान काय, हा प्रश्न मात्र राहून जातो. समान असते ती तीन दिशांची मोजपट्टी: लांबी, रुंदी आणि उंची. या तिन्हींना समांतर असलेली रेषा बिनधास्त मोजावी. तिरकी रेषा मोजली की फसलात.

समजा, भिंतीपासून आढ्याखालच्या मध्यापर्यंत 10 फूट आणि तिथून आढ्यापर्यंत चढ 6 फूट. वळचण सोडली तर वासा साधारण 11 फूट 8 इंच लागतो, दोन्ही पाख्यांना तेवढाच. आता हेच आयसोमेट्रिकमध्ये काढा. त्रिकोणी भिंतीच्या एका बाजूचा उतार पट्टीवर 14 फूट भरतो आणि दुसऱ्या बाजूचा जेमतेम पावणेनऊ. चित्र अगदी बरोबर असतं, चुकतं ते मोजणं. सागवानाचा आजचा भाव बघता एका बाजूचे वासे आखूड कापले गेले तर काय होईल, हे मी सांगायला नको.

हे असं का होतं, हे समजावायला मी वर्गात शिरोड्याच्या मिठागरातलं खडेमीठ नेत असे. भिंगाखाली बघून एखादा नीट घडलेला खडा निवडायचा. तो छोटासा घनच असतो. त्याचा एक कोपरा बरोबर डोळ्याकडे करून धरला की तीन पृष्ठभाग सारखेच दिसतात आणि बाहेरची कड षटकोनी होते. त्या कोपऱ्यात मिळणाऱ्या तिन्ही कडा डोळ्यापासून सारख्याच कलत्या असतात, म्हणून सारख्याच आखडतात, मूळ लांबीच्या साधारण 82 टक्के. तिरकी रेषा वेगळ्या कलाची, म्हणून ती वेगळ्याच प्रमाणात आखडते. कागदावर त्यांच्यात 120-120 अंशांचे कोन पडतात. ड्रॉइंग बोर्डवर सेटस्क्वेअरने आपण आडव्या रेषेशी जे 30 अंश घेतो, ते इथून आले. ते 30 अंश म्हणजे कुणी घालून दिलेला नियम आहे असंच बहुतेक मुलांना वाटत असतं. मिठाचा खडा फिरवून पाहिल्यावर त्यांचे चेहरे उजळत, तो माझ्या नोकरीतला सर्वात आनंदाचा तास. (82 टक्क्यांनी काढलं तर ते आयसोमेट्रिक प्रोजेक्शन, पुरत्या मापाने काढलं तर आयसोमेट्रिक व्ह्यू. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.)

ही पद्धत नीट मांडली केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी, 1822 साली छापलेल्या निबंधात. ते व्याख्यानासाठी चाकं, दांडे, आस असे सुटे भाग जोडून यंत्रांच्या प्रतिकृती उभ्या करत आणि मग मोडून त्याच भागांतून दुसरं यंत्र उभं करत. मदतनिसांना जोडणी कळावी म्हणून त्यांना असं चित्र हवं होतं. म्हणजे हे चित्र जन्मालाच आलं ते हाताने काम करणाऱ्या माणसासाठी. आपल्या सुताराला ते वाचता आलंच पाहिजे.

हाच शब्द इतरत्रही भेटतो आणि दर वेळी ‘समान काय’ हे विचारावंच लागतं. स्फटिकशास्त्रात एकमेकांना काटकोनात असलेले तीन अक्ष समान. मीठ त्याच कुळातलं, आणि आपल्या कणकवली तालुक्यातलं क्रोमाइट हे खनिजही. गुडघेदुखीवर फिजिओथेरपिस्ट गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबून धरायला लावतात, तो आयसोमेट्रिक व्यायाम: स्नायू जोर लावतो, पण त्याची लांबी जवळपास तेवढीच राहते. भूमितीत आकृती सरकवली, फिरवली किंवा आरशात उलटवली तरी कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर बदलत नाही, ती आयसोमेट्री.

माझी विनंती दोघांना आहे. घरांची चित्रं काढून देणाऱ्यांनी प्रत्येक आयसोमेट्रिक चित्राखाली ‘तिरकी मापे या चित्रावरून घेऊ नयेत’ एवढी ओळ मराठीत छापावी आणि वाशांसाठी छेदाचा, म्हणजे घर उभं कापल्यासारखं समोरून दाखवणारा, वेगळा नकाशा द्यावा. आणि आपण, संपादक महोदय, विद्यार्थ्यांच्या पुरवणीत या विषयाला आकृत्यांसह अर्धं पान द्यावं. आकृत्या मी हाताने काढून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, वेंगुर्ला