तो बालेवाडीहूनच गेला होता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शांघाय मास्टर्स या टेनिस स्पर्धेच्या विजेत्यावर आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी लिहिले आहे की, व्हॅलेंटिन वाशेरो हे नाव परवापर्यंत आपल्याकडे कोणी ऐकलेही नव्हते. ‘आपल्याकडे’ म्हणजे कोणाकडे? आपल्या कार्यालयात, असे म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. पुण्यात, असे म्हणायचे असेल तर मात्र आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच मुलगा आठवडाभर बालेवाडीत खेळत होता आणि पुणे चॅलेंजरची पुरुष एकेरी जिंकून गेला होता. बालेवाडी आपल्या कार्यालयापासून फार लांब नाही. शांघाय आहे.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी मी तिथे होतो. निवृत्त माणसाला दुपारी तीन वाजता ऊन सोसत परदेशी पोरांचे टेनिस बघत बसायची चैन परवडते. बाजूच्या कोर्टवर हा उंचापुरा गडी खेळत होता. वेळ जावा म्हणून मी प्रेक्षक मोजले, माझ्यासकट एकोणीस भरले. त्यातले दोघे झोपलेले. पण सर्व्हिस अशी की चेंडू मागच्या पडद्यावर आपटला की झोपलेलेही डोळे उघडायचे. घरी आल्यावर सौ.ना म्हटले, मोनॅकोचा एक पोरगा आलाय, बघण्यासारखा आहे. त्या म्हणाल्या, मोनॅकोत राजे-राण्या असतात असे ऐकले होते, खेळाडूही असतात का? प्रश्न रास्त होता.

फायनलला जायचे मनात होते. पण २५ फेब्रुवारीला साताऱ्याला व्याह्यांकडे मुंज. ती चुकवली असती तर घरचे सगळे सेट सरळ गेले असते. म्हणून रविवारी मुंज जेवलो आणि सोमवारी सकाळी चहाच्या आधी आपला अंक उघडला. क्रीडा पान पालथे घातले. निकाल नाही. रांची कसोटी होती, ध्रुव जुरेलच्या नव्वद धावा होत्या, त्याबद्दल तक्रार नाही, पोराने सामना वाचवला होता. पण त्याच पानावर परदेशी फुटबॉलचा गुणतक्ता मुळापासून शेंड्यापर्यंत होता. विसाव्या क्रमांकाच्या संघाचा गोलफरक मला आपल्या कृपेने कळला. माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा ठिकाणी काल कोण जिंकले, ते कळले नाही.

मी फोन केला. तीनदा इकडून तिकडे जोडून दिल्यावर एका तरुण गृहस्थांनी विचारले, “काका, फायनलला आपला कोणी होता का?” म्हटले, नव्हता, ऑस्ट्रेलियाचा वॉल्टन आणि हा मोनॅकोचा. “मग बघतो हं,” म्हणाले. मंगळवारी चार ओळी आल्या, सदनिकांच्या जाहिरातीच्या पोटात. त्यात विजेत्याचे नाव ‘व्हाचेरोट’. काल तीन कॉलम मिळाले तर मथळ्यात ‘वाशेरो’, फोटोखाली ‘वॅचरो’ आणि मजकुरात पुन्हा ‘व्हाचेरोट’. दीड वर्षात प्रगती झाली म्हणायची, एकाचे तीन झाले.

‘आपला कोणी’ असला की जागा मिळते, हे मान्य. २०१७ मध्ये याच स्पर्धेची फायनल युकी भांबरी आणि रामकुमार रामनाथन यांच्यात झाली, तेव्हा आपण फोटोसकट बातमी दिली होती, कात्रण माझ्याकडे आहे. पण २०२३ मध्ये मॅक्स पर्सेल इथे जिंकला तेव्हा? चेन्नई, बंगळूर, पुणे, अशी लागोपाठ तीन आठवड्यांत तीन विजेतेपदे त्याने नेली, आणि तो आदल्या वर्षीचा विम्बल्डन दुहेरीचा विजेता होता. सहा ओळी. या वर्षीच्या फेब्रुवारीत झेक दालिबोर स्वर्चिना जिंकला. किती ओळी, ते आपणच शोधा, मला सापडल्या नाहीत.

चॅलेंजर म्हणजे खालच्या पायरीची स्पर्धा, हे मला शिकवू नये. पुण्याच्या विजेत्याला शंभर गुण मिळतात, शांघायच्या विजेत्याला हजार. पण त्या पायऱ्या एकाच जिन्याच्या आहेत. वाशेरो शांघायला पोहोचला तेव्हा जागतिक क्रमवारीत २०४ वा होता, आधी पात्रता फेरी खेळला, मग जोकोविचला हरवले आणि फायनलला समोर सख्खा मावसभाऊ की मामेभाऊ की आणखी कोण (आपल्या बातमीत नुसते ‘चुलतभाऊ’ ठोकून दिले आहे, ‘कझिन’ शब्दाची हीच तर पंचाईत). काल तो चाळिसावा झाला. आणि वाटेत त्याने टॅलन ग्रीकस्पूरलाही हरवले. ग्रीकस्पूर कोण? २०२३ ची टाटा ओपन महाराष्ट्र, म्हणजे बालेवाडीतलीच चॅलेंजरच्या वरच्या पायरीची स्पर्धा जिंकलेला. म्हणजे बालेवाडीचे दोन विजेते शांघायला एकमेकांसमोर उभे होते, आणि पुण्याच्या वर्तमानपत्राला त्यातले पुणे दिसले नाही. ही बातमी कोणी आपल्या ताटात वाढून द्यायची होती?

टाटा ओपन बंद झाली तेव्हा आपण ‘पुण्यातून टेनिस गेले’ अशा सुरात अग्रलेख लिहिला होता. टेनिस गेले नव्हते साहेब, आपला प्रतिनिधी यायचा बंद झाला होता.

विषय निघालाच आहे म्हणून. गेले दोन आठवडे सुडोकूचे उत्तर दुसऱ्याच सुडोकूचे छापले जात आहे. सौ.नी दोनदा रबराने खोडून पुन्हा सोडवले आणि मग माझ्यावर चिडल्या, कारण वर्गणी मी भरतो. त्याबद्दलही पत्र पाठवले होते, ते छापले नाही. हे छापणार असाल तर कृपया सुडोकूचा परिच्छेद कापू नये, हवे तर सातारा कापा.

आणि बालेवाडीला पुन्हा स्पर्धा भरली, तर मी फायनलचा निकाल स्वतःच पोस्टकार्डावर लिहून पाठवीन. नावाच्या उच्चारासकट.

आपला,
बत्तीस वर्षांचा वर्गणीदार
कोथरूड, पुणे
१४ ऑक्टोबर २०२५