काफ्का जर्मन नव्हता, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : राज्यातल्या विद्यापीठांत ऑस्ट्रियन साहित्य व संस्कृतीच्या अभ्यासाला स्वतंत्र जागा मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

२०२४ साली आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि तिकडे कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी जर्मनचे वर्ग सुरू केले. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर होऊ पाहणारी मुलं ‘डेअर, डी, दास’ ही जर्मन उपपदं घोकू लागली. मी स्वतः जर्मन शिकवते. त्यामुळे या योजनेला नाकं मुरडायचं मला काहीच कारण नाही. भाषेनं कुणाचं पोट भरत असेल तर आनंदच आहे. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. भाषेचे वर्ग वाढत असताना त्याच भाषेतल्या साहित्याचा विद्यापीठातला अभ्यास मात्र जागचा हललेला नाही. त्यातही एक अख्खा देश आम्ही वर्षानुवर्षं दुसऱ्याच देशाच्या खात्यावर मांडत आलो आहोत.

मी एम. ए. करत होते तेव्हा काफ्का, रिल्के, श्निट्झलर, इंगेबोर्ग बाखमान, थोमास बेर्नहार्ड हे सगळे ऑस्ट्रियाच्या मुलखातले लेखक ‘जर्मन साहित्य’ या एकाच मथळ्याखाली यायचे. एल्फ्रीडे येलिनेक यांना २००४ चं आणि पेटर हांडके यांना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा वर्गात मुलांनी ते जर्मनीच्या नावावर टाकलं. चूक मुलांची नाही, त्यांना शिकवलंच तसं. दोघंही ऑस्ट्रियाचे. आणि हा नुसता पासपोर्टचा प्रश्न नाही. पासपोर्टचाच असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

काफ्काच घ्या, कारण मराठी वाचकाला यातला सर्वांत ओळखीचा तोच. विलास सारंगांच्या कथांविषयी बोलताना त्याचं नाव आल्याशिवाय राहत नाही. हा माणूस १८८३ साली प्रागमध्ये जन्मला. प्राग तेव्हा व्हिएन्नाच्या सम्राटाच्या राज्यात होतं आणि पस्तिशीपर्यंत काफ्का त्याच राज्याचा नागरिक होता. १९०८ पासून तो बोहेमियाच्या, म्हणजे प्राग ज्यात येतं त्या प्रांताच्या, कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. तिथे त्यानं लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर एक टिपण लिहिलं. यंत्राचा पातं बसवलेला दांडा चौकोनी असला की पातं आणि टेबल यांच्यामध्ये फट राहते आणि कामगाराची बोटं त्यात जातात. दांडा गोल केला तर इजा कमी होते, कारखानदाराला खर्चही परवडतो, असा त्याचा मुद्दा. सोबत चित्रं जोडलेली होती : दांड्यांची, आणि पेरं तुटलेल्या हातांची. हे सगळं थंड, नेमक्या सरकारी भाषेत. हे टिपण वाचल्यावर त्याच्या कथांमधली शांतपणे शिक्षा देणारी यंत्रं आणि कधीच न भेटणारे साहेब कुठून आले ते कळतं. ते बर्लिनहून आलेले नाहीत. ते आले अनेक भाषा बोलणाऱ्या प्रजेवर एकाच फाइलपद्धतीनं राज्य करणाऱ्या साम्राज्यातून. (मंत्रालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणारी फाइल ज्यानं पाहिली आहे, त्याला काफ्का फार समजावून सांगावा लागत नाही. ही तक्रार नाही, आमची अभ्यासातली जमेची बाजू आहे.)

१९१८ मध्ये साम्राज्य कोसळलं, कचेरीची भाषा चेक झाली, वरचे जर्मन साहेब गेले. काफ्काला चेक येत होतं म्हणून त्याची नोकरी टिकली. जर्मन लिहिणारा लेखक चेक भाषेच्या जोरावर पगार घेतो, ही गोष्ट ‘जर्मन साहित्य’ या डब्यात कुठे बसवायची?

आणि इथेच हा विषय आपल्या अगदी दाराशी येतो. १८६७ च्या ऑस्ट्रियन घटनात्मक कायद्यानं साम्राज्यातल्या सर्व लोकसमूहांना आपापली भाषा जपण्याचा समान हक्क दिला होता. कागदावर. १८९७ मध्ये पंतप्रधान कासिमिर बाडेनी यांनी आदेश काढला की बोहेमिया-मोराव्हियातल्या सरकारी नोकराला चेक आणि जर्मन दोन्ही यायला हव्यात. चेक अधिकाऱ्यांना जर्मन येतच होतं. चेक शिकायची पाळी जर्मनांवर आली आणि भडका उडाला. व्हिएन्नाच्या संसदेत एका सभासदानं कामकाज रोखण्यासाठी सलग बारा तास भाषण केलं, शाईच्या दौती फेकल्या गेल्या, शेवटी पोलीस सभागृहात घुसले. त्या वेळी व्हिएन्नात मुक्कामाला असलेल्या मार्क ट्वेननं हा तमाशा पाहून त्यावर लिहिलं. नोव्हेंबरात बाडेनींना घरी जावं लागलं आणि दोन वर्षांनी आदेशही गुंडाळला गेला. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय २०२५ च्या जूनअखेर आपल्याच सरकारला मागे घ्यावे लागले, तेव्हा मला हा बाडेनी आठवला होता. दोन्ही प्रकरणं सारखी आहेत असं मी म्हणत नाही. पण भाषावार प्रांतरचनेसाठी माणसं गमावलेल्या राज्यात बाडेनी प्रकरण जर्मन विभागाबाहेर एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नसावं, आणि जर्मन विभागातही तळटिपेपुरतंच असावं, हे मला खटकतं. जर्मनीपेक्षा ऑस्ट्रियाच्या कागदपत्रांत आपल्याला आपलं तोंड जास्त स्पष्ट दिसेल.

त्या साम्राज्याच्या मोडतोडीतून आलेले लेखक पाहा. योसेफ रोट ब्रोडीचा, पाउल सेलान चेर्नोव्हित्सचा. दोन्ही गावं आज युक्रेनमध्ये आहेत. एलियास कानेटी बल्गेरियातल्या रूसे गावात स्पॅनिश ज्यू घरात जन्मला, व्हिएन्नात शिकला आणि १९८१ चं नोबेल त्यानं ब्रिटिश नागरिक म्हणून घेतलं.

या अभ्यासशाखेची आणखी एक गंमत तुम्हाला सांगायला हवी. ती मोठ्या प्रमाणावर बाहेरच्यांनी उभी केली. ऑस्ट्रियन लेखकांच्या मनात जुन्या हाब्सबुर्ग घराण्याच्या राज्याची एक मिथ्यकथा कशी तयार झाली, हे १९६३ मध्ये मांडलं त्रिएस्तेच्या क्लाउदिओ माग्रीस या इटालियन तरुणानं. व्हिएन्नाच्या १९०० च्या आसपासच्या राजकारणाचा आणि कलेचा मेळ दाखवणाऱ्या पुस्तकासाठी कार्ल शॉर्स्की या अमेरिकन इतिहासकाराला १९८१ चं पुलित्झर मिळालं. व्हिएन्नाचा नाटककार श्निट्झलर याच्या अभ्यासासाठी निघालेली संस्था अमेरिकेतली. तिचं नियतकालिक १९६१ मध्ये सुरू झालं, १९६८ मध्ये त्यानं ‘मॉडर्न ऑस्ट्रियन लिटरेचर’ हे नाव घेतलं आणि २०१२ पासून ते ‘जर्नल ऑफ ऑस्ट्रियन स्टडीज’ म्हणून निघतं. खुद्द श्निट्झलरचे कागद बचावले तेही एका परक्या विद्यार्थ्यामुळे. १९३८ मध्ये नाझी व्हिएन्नात आले तेव्हा एरिक ब्लॅकॉल या इंग्रज तरुणाच्या खटपटीनं ते केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोहोचले. ‘हे आमचं काम नाही’ असं म्हणायला आपल्याला वाव नाही, तो एवढ्यासाठीच.

आता नाटककार-कादंबरीकार बेर्नहार्ड. जर्मन विभागात त्याला पश्चिम जर्मनीच्या लेखकांबरोबर शिकवलं की मुलं विचारतात, हा माणूस एवढा चिडलेला का आहे? उत्तर ऑस्ट्रियाच्या इतिहासात आहे. १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रियाला हिटलरी आक्रमणाचा पहिला बळी म्हटलं. त्याच जाहीरनाम्यानं युद्धातल्या सहभागाची जबाबदारीही देशावर ठेवली होती, पण युद्धानंतर ऑस्ट्रियानं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोयीनं विसरलं. मार्च १९३८ मध्ये व्हिएन्नाच्या हेल्डेनप्लाट्झ चौकात हिटलरचं भाषण ऐकायला जमलेल्या अफाट गर्दीबद्दल घराघरांत मौन होतं. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कुर्ट वाल्डहाइम यांनी युद्धकाळातल्या लष्करी सेवेबद्दल बरंच दडवलं होतं हे बाहेर आलं, जगभर गदारोळ झाला, आणि तरीही ते निवडून आले. दोन वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९८८ रोजी, व्हिएन्नाच्या बुर्गथिएटर या नाट्यगृहात बेर्नहार्डचं त्या चौकाच्याच नावाचं नाटक लागलं. नाटकात एका ज्यू प्राध्यापकानं खिडकीतून उडी मारून जीव दिलेला आहे आणि त्याच्या विधवेला पन्नास वर्षांनंतरही त्या गर्दीच्या घोषणा ऐकू येतात. प्रयोगाआधीच काही संवाद वर्तमानपत्रांत फुटले होते. पुढाऱ्यांनी बंदीची भाषा केली, थिएटरच्या दारात शेण ओतलं गेलं. (नाटक न पाहता नाटकावर तुटून पडण्याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही, त्यामुळे हा भाग वर्गात पटकन कळतो.) तीन महिन्यांनी बेर्नहार्ड वारला. कॉपीराइट असेपर्यंत आपलं काही ऑस्ट्रियात छापू नये, रंगभूमीवर आणू नये, असं मृत्युपत्रात लिहून गेला. ती अट पुढे सैल झाली. आणि जुलै १९९१ मध्ये चान्सलर फ्रांत्स व्रानित्स्की यांनी संसदेत ऑस्ट्रियन लोकांच्या सहभागाची जबाबदारी उघडपणे मान्य केली. साहित्यानं राज्यसंस्थेच्या तोंडून कबुली काढून घेतली असं कुणी म्हणेल तर मी ‘इतकं सरळ नसतं’ म्हणेन, पण हा वाद माझ्या विद्यार्थ्यांनी घालावा अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी त्यांना ऑस्ट्रियाचा इतिहास आधी कुणीतरी शिकवायला हवा. आजच्या वेळापत्रकात तो तास नाही.

आणि मुंबई? १९३८ नंतर व्हिएन्नाहून पळालेली काही माणसं मुंबईत उतरली. ग्रात्सला जन्मलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर पत्नी केटे यांच्यासह आले, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. त्यांच्या घरी रझा, आरा यांच्यासारखी तरुण चित्रकार मंडळी जमायची. व्हिएन्नाचे उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी या पोरांची चित्रं विकत घेतली, जेव्हा दुसरं कुणी घेत नव्हतं. नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ मध्ये आल्या, एका पारशी डॉक्टरांशी लग्न केलं, १९४१ मध्ये मुंबईत नृत्यशाळा काढली आणि १९४८ मध्ये लंडनला गेल्या. मुंबईच्या या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. त्यातला हा धागा व्हिएन्नाच्या गेलेल्या जगाला जोडलेला आहे. निर्वासित कलावंतांच्या शहरांवर युरोपात एक मोठा संशोधन प्रकल्प झाला, त्यातल्या सहा शहरांत मुंबई होती. प्रकल्प म्युनिकच्या विद्यापीठाचा. आपल्या शहराचा अभ्यास म्युनिकनं करावा याला माझी हरकत नाही. तो फक्त म्युनिकनंच करावा याला आहे.

पैशाचा मुद्दा निघेलच, म्हणून आधीच सांगते. या अभ्यासाची साधनं आज बहुतांश फुकट आहेत. ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं ‘आन्नो’ या संकेतस्थळावर खुली केली आहेत. व्हिएन्नाचा लेखक कार्ल क्राउस यानं १८९९ ते १९३६ जवळजवळ एकट्यानं चालवलेलं ‘डी फाकेल’ हे नियतकालिक ऑस्ट्रियन विज्ञान अकादमीनं ऑनलाइन आणलं आहे, श्निट्झलरच्या रोजनिश्याही. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीला १८९७ च्या नोव्हेंबरातलं व्हिएन्नाचं वर्तमानपत्र मोबाइलवर उघडता येतं. तिला जुनी गोथिक लिपी वाचायला शिकवणारं, आणि काय वाचायचं ते सांगणारं माणूस हवं आहे. पुस्तकांच्या खरेदीची निविदा काढायची गरज नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला बाखमानवर पीएच.डी. करायची होती. मार्गदर्शक मिळेना. जागा रिकामी होती आणि ‘भरती प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर तिला दोनदा मिळालं. ती आता एका आयटी कंपनीत जर्मन ग्राहकांचे फोन घेते, पगार माझ्यापेक्षा जास्त आहे आणि मजेत आहे. मी तिच्याबद्दल हळहळत नाही. पण क्लागेनफुर्टमध्ये वाढलेल्या, युद्धानंतरच्या मौनावर इतकं धारदार लिहिणाऱ्या बाखमानवर एक मराठी नजर पडायची राहून गेली, एवढं खरं.

तेव्हा मागण्या. एम. ए. जर्मनच्या अभ्यासक्रमात ऑस्ट्रियावर चार क्रेडिटची एक सक्तीची अभ्यासपत्रिका ठेवावी, आणि ती इतिहास व मराठीच्या विद्यार्थ्यांनाही अनुवादातून घेता यावी. अभ्यास मंडळ स्वायत्त असतं हे मला माहीत आहे, पण जिथे शिक्षकच नाही तिथे मंडळ काय ठरवणार? म्हणून राज्यातल्या एका, फक्त एका, विद्यापीठात या विषयासाठी कायम स्वरूपाचं एक पद मंजूर करावं. तासिका तत्त्वावर नको. तासाच्या हिशोबानं येणारी व्यक्ती संशोधन करत नाही, पुढच्या बसची वेळ पाहते. तिसरं काम तुमच्या खात्यापुरतं नाही. मुंबई इलाख्याच्या गृहखात्याची जुनी दप्तरं पुराभिलेख संचालनालयाकडे आहेत आणि ते सांस्कृतिक कार्य विभागाखाली येतं. तिथल्या कागदांत ऑस्ट्रियन निर्वासितांचे माग शोधायला दोन संशोधनवृत्त्या द्याव्यात. एक मुंबईच्या विद्यार्थ्याला, एक मुंबईबाहेरच्या. दोन्ही खात्यांनी मिळून केलं तर हे एका अर्थसंकल्पी वर्षात होण्यासारखं आहे.

२०२३ मध्ये भारत आणि ऑस्ट्रिया यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला आहे, म्हणजे उद्या आपली मुलं बाडेन-व्युर्टेम्बर्गप्रमाणे लिंत्स आणि ग्रात्सलाही कामाला जातील. तेव्हा भाषेचे वर्ग पुन्हा निघतीलच. त्या वर्गांच्या शासन निर्णयात वर मागितलेल्या पदाची एक ओळ घातली तरी माझ्यासारख्यांचं काम भागेल. या पत्राची प्रत आपल्या कार्यालयाच्या आवक विभागात दिली आहे. आवक क्रमांक मिळाला की पाठपुरावा करीनच.

कळावे,
आपली विश्वासू,
पुण्यातली एक जर्मनची शिक्षिका